चिंचोक्यांचा राजा

कुंडलिक माळवं पिकवायचा. कळंबच्या शिवेला लागून एक वाडी आहे, तिच्या ओढ्याकाठी त्याचं रान होतं. वांगी, गवार, मिरची आणि कडेनं घेवड्याचे वेल. बाजाराच्या दिवशी गाडी भरून तो साखर कारखान्याच्या बाजारात जाऊन बसायचा आणि दिवस मावळायच्या आत पाट्या रिकाम्या करून परत यायचा. पण वाडीत येऊन तुम्ही 'कुंडलिक कुठं राहतो' असं विचारलं असतं, तर लोक डोकं खाजवत बसले असते. 'परधान कुठं राहतो' म्हटलं असतं, तर डोळ्यांनी अधू झालेल्या म्हातारीनंही बरोब्बर घराकडं बोट केलं असतं. सगळी वाडी त्याला परधानच म्हणायची. बायको तेवढी म्हणत नसे, कारण बायको त्याला कशानंच हाक मारत नसे.

हे परधानपण त्याला यात्रेनं चिकटवलं होतं. भैरोबाच्या पालखीचा छबिना होऊन गेला की दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, देवळापुढच्या चिंचेखाली दरबार भरायचा. दरबार अर्थातच खोटा. बांबूच्या कामट्यांवर बेगड चिकटवलेला टोप, एक हात मोडलेली खुर्ची आणि खांद्यावर जुना जरीचा शेला, की झाला राजा. त्याच्या डाव्या अंगाला परधान, समोर हलगीवाला आणि भोवती सगळी वाडी. पण या खोट्या दरबारात एक गोष्ट खरी होती. ज्याचं कुणाशी भांडण असेल त्यानं राजाच्या पायाशी पानाचा विडा ठेवायचा. विडा ठेवला की राजानं ऐकून घ्यायचं, परधानाकडं कान करायचा आणि निवाडा सांगून 'झालं!' म्हणायचं. एकदा राजा 'झालं' म्हणाला की पुढच्या यात्रेपर्यंत त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. इंदापूरच्या कोर्टात गेलेली भांडणं नातवंडांच्या गळ्यात पडायची, चिंचेखालची भांडणं मात्र कुस्त्यांच्या आधी मिटायची.

राजा कुणीही व्हायचं नाही. तो मान आबासाहेबांच्या घराचा. का, तर म्हणे फार पूर्वी पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून दर यात्रेला डोकी फुटायची. आबासाहेबांचा पणजा तेव्हा नुकताच कुठूनसा येऊन वाडीत टेकला होता. त्याला ना रान, ना भाऊबंद, ना वाडीत कुणाशी सोयरीक. लोकांनी त्यालाच खुर्चीत बसवलं आणि तू सांगशील त्याचा खांदा म्हणाले. त्यानं सांगितलं, लोकांनी ऐकलं. पुढं त्या घराला रान झालं, माडी झाली, भाऊबंद झाले, निम्मी वाडी सोयरी झाली, आणि खुर्ची मात्र त्यांचीच राहिली. पणजाचा टोप आजाच्या डोक्यावर, आजाचा बापाच्या, बापाचा आबासाहेबांच्या. कुणी का म्हणून विचारलं नाही.

आबासाहेब दिसायला राजा होते, यात वाद नाही. उंची होती, मिशा होत्या आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस रवंथ थांबवून मान वर करायची. फक्त त्यांना वाडीतलं काही म्हणजे काही ठाऊक नसायचं. दुपारची झोप, पान आणि पाळलेले तितर, यापलीकडं त्या माणसानं जन्मात कशात लक्ष घातलं नव्हतं. ठाऊक सगळं कुंडलिकला असायचं. बाजाराला जाता-येता गाडीत शेजारी बसलेला माणूस पोटातलं सांगून मोकळा होतोच. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची सून का रुसली, कुणाच्या मोटेला कुणाचा बैल, हे सगळं कुंडलिकच्या डोक्यात वर्षभर साठायचं. यात्रेच्या आधी पंधरा दिवस तो वाफ्यात पाणी धरता धरता एकेका भांडणाचा निवाडा घोळवत असायचा. आणि दरबारात आबासाहेबांनी कान केला की त्या कानात तो ओतायचा.

एकदा प्रयागबाईच्या शेळीनं तात्याबाची मेथी खाल्ली होती. दोघांची तोंडं सहा महिने बंद. कुंडलिक कानात पुटपुटला आणि आबासाहेब गरजले, "शेळी म्हैनाभर तात्याबाच्या दारात बांधायची! चारा त्येनं घालायचा, दूध त्येनं काढायचं! झालं!" वाडी खूश. प्रयागबाईचा चारा वाचला, तात्याबाला दूध मिळालं, आणि शेळीला बघायला जाता-येता दोघं बोलायला लागली. वर्षभर लोक त्या निवाड्याचं कौतुक करत होते. "आबासाहेबांचं डोस्कं म्हंजे डोस्कं!" कुंडलिकच्या गाडीत बसून, त्याच्याच तोंडावर हे ऐकवायचे. आणि आबासाहेब? त्यांनी दरबार उठल्यावर एवढंच विचारलं होतं, "कुंडलिका, पान हाय का रं जवळ?"

असं वीस-बावीस वर्षं चाललं. वीस-बावीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या कानात शहाणपण ओतत उभा होता आणि वर मुजरा करत होता. कुणाच्याही अंगाचा तिळपापड झाला असता. कुंडलिकचा व्हायचा, पण तो घरी आल्यावर.

"निवाडा माजा, आन् मिशीला पीळ त्येंचा!" सोप्यात ताटावर बसून तो ओरडायचा. "बापाचा टोप व्हता म्हनून ह्येंच्या डोक्यावर! न्हायतर काय हाय त्या डोक्यात? भुस्सा!"

आतून धोंडाबाईचा, त्याच्या बायकोचा, खोकला ऐकू यायचा. त्या घरात चूल मागच्या बाजूला होती आणि चुलीच्या खोलीला एकच दार, तेही सोप्यात उघडणारं. धूर कोंडायचा, छताला लागून खाली उतरायचा आणि तिच्या डोळ्यांत बसायचा. भाकरी घेऊन बाहेर यायची तेव्हा डोळे पेटलेले असायचे.

"मागल्या भिताडाला येक झरोका पाडा की," ती म्हणायची. "डोळं जात्यात माजं."

"ती भिंत माज्या बानं बांधलीया. बानं झरोका ठिवला न्हाय, म्हंजे त्येनं काय तरी इचार केला असंल. घरातलं मी ठरवीन. भाकर वाढ."

आणि भाकरी मोडून तो पुन्हा आबासाहेबांवर घसरायचा. बापाचं म्हणून किती दिवस चालवून घ्यायचं, म्हणायचा.

एका दिवाळीला आबासाहेब गेले. वाडीनं सुतक पाळलं, कुंडलिकही मनापासून रडला. पण स्मशानातून परत येताना त्याच्या मनात टोप आला तो आलाच. लाज वाटली, तरी हटेना. आता ते डोकं नव्हतं. राहिला होता त्यांचा मुलगा मोहनराव. हा बारामतीला मामाच्या गुळाच्या आडतीवर बरीच वर्षं काढून परत आलेला, गोरागोमटा, सुटलेल्या पोटाचा, स्वभावानं गाईसारखा गरीब माणूस. वाडीतल्या कुणाचं नाव त्याच्या लक्षात राहायचं नाही. तात्याबाला तो जोतीराम म्हणायचा आणि जोतीरामला 'अहो' म्हणून वेळ मारून न्यायचा. बापाचे तितर त्यानं सोडून दिले आणि कबुतरं आणली. त्याच्या कानात आणखी वीस वर्षं ओतायचं या विचारानंच कुंडलिकची झोप उडाली.

त्याच हिवाळ्यात मतदान आलं. देशातलं पहिलंच. वाडीनं शाळेपुढं रांग लावली. बायासुद्धा पदर सावरत उभ्या राहिल्या. आत पेट्या मांडलेल्या, एकेका पेटीवर एकेक चित्र. मनात असेल त्या पेटीत कागद टाकायचा, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. कुंडलिक बाहेर आला तो वेगळाच होऊन. गाडीला बैल जुंपताना तो थांबला आणि त्यानं आपल्याच मांडीवर थाप मारली.

चैत्रात यात्रेच्या बैठकीला सगळी वाडी देवळात जमली. वर्गणी, पालखी, पैलवान असं बोलणं झालं. दरबाराचा विषय निघताच कुंडलिक उभा राहिला. बैठकीत तो कधी उभा राहत नसे, त्यामुळं आधी सगळ्यांना वाटलं, कुठं निघाला.

"नीरेपलीकडच्या राजाचं राज्य गेलं," तो म्हणाला. "सौंस्थानं गेली. दिल्लीत राजा न्हाय. आमी समद्यांनी रांगेत हुबं ऱ्हाऊन मत दिलं. आन् आपल्या वाडीत मातुर बापाचा टोप पोराला? कशापायी? राजानं न्याव करायचा असंल, तर ज्येला न्याव येतोय त्येला बसवा. मोहनरावांचं मला काय वावडं न्हाय. पर मत घ्या."

देवळात कुजबुज झाली. जोतीराम हा आबासाहेबांचा लांबचा भाऊबंद, तोंडाचा फटकळ. तो उसळला. "मान हाय त्यो! मानाला मत कसलं?" तात्याबा कुंडलिकच्या बाजूचा, तो म्हणाला, "आता समद्याला मत हाय." मग सगळेच एकदम बोलायला लागले. शेवटी कुणीतरी मोहनरावाला विचारलं. तो खांबाला टेकून बसला होता.

"तुम्ही ठरवाल ते," तो म्हणाला. "मला काय."

मत घ्यायचं ठरलं. देवळाच्या ओवरीत पडदा लावला आणि पडद्यामागं दोन मडकी ठेवली. एकाच्या तोंडाला शेल्याची चिंधी बांधली, ते मोहनरावाचं. दुसऱ्यावर वांगं ठेवलं, ते कुंडलिकचं. कागद कुठून आणायचे, म्हणून चिंचोका टाकायचा ठरला. प्रत्येकानं घरून एक चिंचोका आणायचा, पडद्यामागं जायचं आणि मनात असेल त्या मडक्यात टाकायचा. लोक हसत आले, हसत गेले. धोंडाबाईसुद्धा मुठीत चिंचोका घेऊन पडद्यामागं गेली आणि तोंडावरची रेषही न हलवता बाहेर आली.

"कुठं टाकलास?" कुंडलिकनं विचारलं.

"गुपित असतंय म्हनं मत," ती म्हणाली आणि घराकडं चालू लागली.

मडकी बाहेर आली तेव्हा मोजायचं कुणी, यावर अडलं. जोतीरामनं मोजलेलं तात्याबाला नको, तात्याबानं मोजलेलं जोतीरामला नको. तेव्हा कुंडलिकनं जन्मातली सगळ्यात मोठी चूक केली. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे आधी सांगायला पाहिजे. उलट त्याला अभिमान होता.

"मोजायचं कशाला?" तो म्हणाला. "माजी तागडी हाय की. कारखान्याच्या बाजारात आजपातूर कुनी नाव ठिवलं न्हाय."

तागडी आली. एका पारड्यात त्याचे चिंचोके, दुसऱ्यात मोहनरावाचे. दांडी थोडा वेळ हलली, सरळ झाली, आणि मग कुंडलिकचं पारडं हलकेच खाली गेलं. फार नाही, मिरचीच्या मूठभर मापाला आपण वर दोन मिरच्या टाकतो तेवढंच. पण गेलं. तात्याबानं त्याला उचललं. देवळातून घरी जाईपर्यंत कुंडलिकच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. बायकोच्या डोळ्यांना तर कधीचंच नीट दिसत नव्हतं, पण ते त्याच्या गावीही नव्हतं.

दरबाराचा दिवस उजाडला. कुंडलिकनं दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला आणि शेला घेतला. टोप आबासाहेबांच्या डोक्याच्या मापाचा होता, तो कुंडलिकच्या भुवयांवर येऊन बसायचा. एका हातानं तो धरून ठेवावा लागे, आणि खुर्चीला नेमका त्याच बाजूचा हात नव्हता. तरी हलगी कडाडली आणि तो बसला तेव्हा त्याचा ऊर भरून आला. लोक खालून कसे दिसतात ते त्याला माहीत होतं, वरून कसे दिसतात ते आज प्रथमच कळत होतं.

"अहो, मी कुठं उभा राहू?" मोहनरावानं विचारलं. त्याला राग नव्हता, काही नव्हतं.

"हितं, डाव्या अंगाला. मी कान केला की काय तरी पुटपुटा."

"काय पुटपुटू?"

"काय बी. मला समदं ठावं हाय."

पहिला विडा तात्याबानं ठेवला. भांडण त्याचं आणि जोतीरामचं. दोघांच्या बांधावर एक बाभळ होती. बुंधा जोतीरामच्या अंगाला, फांद्या तात्याबाच्या रानात. जोतीरामला ती तोडून औताला लाकूड करायचं होतं. तात्याबा म्हणत होता, सावली माझ्या रानावर पडते, पीक माझं मरतं, तर झाडच माझं. कुंडलिकनं हे भांडण महिनाभर घोळवलं होतं. मोहनरावाकडं कान केला, मोहनराव काहीतरी पुटपुटला (बहुधा त्यालाही ते कळलं नसेल), आणि कुंडलिकनं आवाज चढवला.

"बाभळ तोडायची न्हाय. बुंधा जोतीरामचा. शेंगा खाली पडतील त्या तात्याबाच्या, शेळ्यांस्नी. झालं!"

चांगला निवाडा होता. आबासाहेबांच्या तोंडून निघाला असता तर वर्षभर गाजला असता. पण जोतीराम हलला नाही.

"झालं काय?" तो म्हणाला. "माजा चिंचोका मोहनरावांच्या मडक्यात व्हता. तू ज्येंचा राजा हायेस त्येंना सांग. माजा न्हायस."

"आरं, पर वाडीनं निवडलाय मला!"

"वाडीनं न्हाय, तागडीनं. आन् तागडी कुनाची? तुजी! तुज्या मानसांनी पानीदार टपोरं चिंचोकं टाकलं असतील. आमी आपलं मिळंल त्ये टाकलं."

मागं हशा उसळला. कुणीतरी ओरडलं, "खरंय की! चिंचोकं मोजाय पायजे व्हतं!" कुंडलिकची कानशिलं तापली. निदान तात्याबा तरी बोलेल म्हणून त्यानं त्याच्याकडं पाहिलं, तर तात्याबाचं तोंड जोतीरामहून वाकडं झालेलं.

"परधान, ह्ये बरं न्हाय केलंस," तात्याबा म्हणाला. "मी तुजी बाजू घेतली. घरातलं समदं चिंचोकं तुज्या मडक्यात टाकाय लावलं. आन् मला निस्त्या शेंगा? मंग तुला राजा करून आमाला मिळालं काय?"

"न्याव मिळाला की!"

"न्याव नगं व्हता. झाड पायजे व्हतं."

आता सांगा. एक म्हणतो मी तुला मत दिलं नाही म्हणून ऐकणार नाही, दुसरा म्हणतो मत दिलं म्हणून माझ्या मनासारखं कर. माणसानं करावं काय? कुंडलिक खुर्चीतून उठला, टोप डोळ्यांवर आला, तो त्यानं वर ढकलला आणि दोघांना समजावायला लागला. बुंधा कसा, मुळं कशी, शेंगा का. जितकं समजावत गेला तितके लोक पुढं सरकले आणि प्रत्येकजण आपलं सांगायला लागला. राजा कारणं द्यायला लागला, की लोकांना आपलीही कारणं सुचतात. हलगीवाला हलगी काखेत मारून उभा राहिला. कुस्त्यांचे पैलवान लंगोट लावून ताटकळत होते. बायका घराकडं वळायला लागल्या.

तेवढ्यात डाव्या अंगाला काहीतरी गरजलं.

मोहनराव. कुणालाच अपेक्षा नव्हती, त्यालाही नसावी. उन्हानं बेजार होऊन त्यानं तोंड उघडलं असेल. पण त्या तोंडातून निघाला तो बापाचा आवाज, जसाच्या तसा, म्हशीची मान वर करणारा.

"बाभळ तोडायची नाही! बुंधा ह्यांचा, शेंगा त्यांच्या! झालं!"

ह्यांचा कुणाचा आणि त्यांच्या कुणाच्या, हेही त्याला नीट माहीत नव्हतं. जोतीरामनं डोक्यावरचा पटका सारखा केला आणि वाकून मुजरा केला. तात्याबानंही केला. दोघं गुमान बाजूला झाले.

"आरं, मी दुसरं काय सांगत व्हतो?" कुंडलिक अक्षरशः किंचाळला.

"त्येच," जोतीराम म्हणाला. "पर तू सांगत व्हतास."

"मंग?"

"मंग काय? तू आमच्यातला. तुजं ऐकलं, तर कुंडलिकनं जोतीरामला खाली बगवलं असं हुतंय. उद्या बाजारात तुज्या शेजारी मी बसू कसा? मोहनराव मालकांचं ऐकलं, तर कुनीच कुनाला खाली बगवत न्हाय."

जोतीरामचं खोटं नव्हतं, आणि हेच कुंडलिकला सगळ्यात लागलं. समोरचा मूर्खपणानं हरवतो तेव्हा शिव्या तरी देता येतात. त्यानं टोप काढला. हातात धरून क्षणभर बघितला, बेगड एका बाजूनं सुटलं होतं ते बोटानं दाबलं, आणि मोहनरावाच्या डोक्यावर ठेवला. तिथं तो बरोबर बसला. मोहनराव खुर्चीत बसला, कुंडलिक डाव्या अंगाला गेला, आणि हलगी अशी वाजली की जणू आताच यात्रा सुरू झाली. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं आपण कुंडलिकचंच कौतुक करतोय.

पुढचे दोन विडे झटक्यात उरकले. मोहनराव कान करी, कुंडलिक दात आवळून ओते, मोहनराव गरजे. मग गर्दी दुभंगली आणि एक बाई पुढं आली. डोक्यावरून पदर, हातात विडा. बाया दरबाराला लांबून बघायच्या, विडा ठेवायला कुणी येत नसे. बंदी नव्हती, पण येत नसत. धोंडाबाईनं खुर्चीच्या पायाशी अंदाजानं हात फिरवला आणि विडा ठेवला.

"कुनावर तक्रार हाय?" हलगीवाल्यानं विचारलं.

नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. आज अडचण नव्हती. "परधानावर," ती म्हणाली.

वाडी खदखदून हसली. ती थांबली, हसणं ओसरू दिलं आणि मग बोलली. आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प होत गेले.

"चुलीच्या खोलीला झरोका न्हाय. सासरी आल्यापासनं धुरात बसतेय. आता डाव्या डोळ्यानं मला जोंधळ्यातला खडा दिसत न्हाय, उजव्यानं कसाबसा दिसतोय. वाडीतल्या शेळीचा बी न्याव केला ह्येंनी. माजा करायला कुनी न्हाय. म्हनून आले."

मोहनरावानं सवयीनं डावीकडं कान केला. कुंडलिकनं तोंड उघडलं. वाडीतल्या प्रत्येक भांडणावर त्याच्याकडं उत्तर होतं. या भांडणावर एकच होतं, भिंत बापानं बांधलीय, आणि ते आज इथं चालणार नव्हतं. देवळात उभं राहून बापाच्या टोपाबद्दल तो काय बोलला होता ते सगळ्यांना आठवत होतं. त्यालाही आठवलं.

"म्हना..." तो पुटपुटला. "म्हना, घरातलं घरात मिटवा."

मोहनराव मान सरळ करून बसला.

"परधानाला यातलं काही ठाऊक दिसत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. कुचेष्टेनं नव्हे, त्याला खरंच तसं वाटलं होतं. "उद्या सकाळी भिंत फोडा. झालं!"

लोक कुंडलिककडं बघायला लागले. जोतीराम सगळ्यात जास्त. मी तुला मत दिलं नाही, असं म्हणायची सोय कुंडलिकला नव्हती. टोप त्यानंच मोहनरावाच्या डोक्यावर घातला होता. तो वाकला आणि मुजरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन मागच्या भिंतीला भिडला. बापानं भिंत भक्कम बांधली होती. पांढरी माती दगडासारखी झालेली. तो घाव घालत होता आणि तोंडानं मोहनरावाला, जोतीरामला, तात्याबाला, चिंचेला, चिंचोक्यांना, सगळ्यांना शिव्या मोजत होता. रस्त्यानं जाणारे थांबून "काय परधान, कुनाचा हुकूम?" म्हणून विचारत होते. त्यांनाही मिळत होत्या. धोंडाबाई चुलीपाशी पाठ करून भाकऱ्या थापत होती.

पहार आरपार गेली तेव्हा आधी धूर हलला. मग तो एकसारखा त्या भोकाकडं निघाला, आणि खोलीत कधी नव्हे तो उजेड आला. भिंती काजळीनं काळ्याकुट्ट होत्या. कुंडलिक त्या खोलीत कधी जेवला नव्हता, कधी बसला नव्हता. त्यानं भोकातून आत बघितलं. परातीतलं पीठ, तिचे हात, आणि वर केलेलं तिचं तोंड. डाव्या डोळ्यावर पांढरं आलं होतं. किती दिवसांचं कोण जाणे.

"डोळा जाईस्तवर गप का बसलीस?" तो खेकसला. पण खेकसण्यात जोर नव्हता. "आदी बोलायचं व्हतं."

"बोलत व्हते की. रोज बोलत व्हते."

"मंग मला कसं ऐकू आलं न्हाय?"

"तवा तुमी राजा व्हता."

त्यानं पहार खाली ठेवली. तव्यावरची भाकरी तिनं हातानं चाचपून उलटली.

"येक सांग," तो म्हणाला. "तुजा चिंचोका कुठं व्हता?"

"तुमच्याच मडक्यात," धोंडाबाई म्हणाली. "म्हनलं, भाईर येकदा राजा झालं, म्हंजे घरातलं राज्य सोडत्याल."